पेटी कोणाची?

ती मुलगी आबांची मुलाखत घ्यायला आली, तेव्हा आबांना बोलता येत नाही हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. विद्यापीठाच्या संगीत विभागात ती पीएचडी करत होती. मूळची लातूरकडची, खांद्याला काळी बॅग, बॅगेत रेकॉर्डर आणि लोकरी टोपी घातलेला माइक. शहरातल्या छावणी भागातल्या आमच्या घराच्या व्हरांड्यात तिनं तो माइक स्टुलावर ठेवला, लाल दिवा लागला का ते पाहिलं आणि म्हणाली, "आजोबा, तुमच्या शाहिरी पार्टीबद्दल सांगा. कसे गायचात, कुठं गायचात." आबांनी माइककडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं, आणि गळ्यावरचा रुमाल बाजूला करून तिला भोक दाखवलं.

मी आतून चहा घेऊन येत होते. पोरीचा चेहरा पांढराफटक पडला होता. आबा मात्र मजेत होते. नवीन माणसाला भोक दाखवायची त्यांना आता चटकच लागली आहे. पोस्टमन, गॅसवाला, माझ्या शाळेतले मुख्याध्यापक, कुणी सुटलेलं नाही.

आबा माझे वडील. दोनेक वर्षांपूर्वी त्यांच्या घशाला कर्करोग निघाला आणि स्वरयंत्र काढून टाकावं लागलं. तेव्हापासून ते गळ्याच्या भोकातून श्वास घेतात आणि बोलायचं ते पाटीवर लिहितात. मी त्यांना आमच्या कन्नड गावाहून माझ्याकडं आणलं. दवाखान्यातून त्यांना गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र मिळालं होतं. ते एकदाच लावून त्यांनी "च्या दे" म्हटलं, मग पाटीवर लिहिलं, 'हा ग्रामपंचायतीचा भोंगा मला नको', आणि यंत्र कपाटात गेलं ते गेलंच.

ऑपरेशनच्या आधी डॉक्टर म्हणाले होते, आवाज रेकॉर्ड करून ठेवा, पुढं घरच्यांना बरं वाटतं. मी मोबाइल घेऊन त्यांच्या खाटेवर बसले. आबा म्हणाले, "आवाज काय लोणचं हे का, बरणीत भरून ठिवायला? नाय बोलत जा." मी भांडले, चिडले, अबोला धरला. कशाचा उपयोग झाला नाही. मी त्यांचीच मुलगी; हट्ट कुठून आला ते मला माहीत आहे. मग ऑपरेशन झालं आणि आता भांडायलाही समोर कुणी उरलं नाही, कारण पाटीवर भांडता येत नाही. मी वाक्य पूर्ण करायच्या आत ते पाटी पुसून टाकतात.

नंतर मी घरभर शोधलं. माझ्या लग्नाच्या व्हिडिओत आबा तोंड उघडून काहीतरी सांगताना दिसतात, पण व्हिडिओवाल्यानं सबंध लग्नावर सिनेमातली गाणी टाकून ठेवली आहेत. माझ्या फोनमध्ये एक छोटी क्लिप सापडली. त्यात आबा बोलण्याआधी घसा खाकरतात आणि तेवढ्यात कुकरची शिट्टी होते. बस. ज्या माणसाच्या आवाजानं मी रोज सकाळी उठले, त्याचा आवाज कुठंही नव्हता. आणि खरं सांगायचं तर माझ्या डोक्यातूनही तो निघून चालला होता. ते काय म्हणायचे हे आठवायचं, कसं म्हणायचे ते आठवेना. ही गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती. मला तो आवाज एकदा, फक्त एकदा ऐकायचा होता.

तर ती मुलगी. चहा पोटात गेल्यावर तिचा रंग परत आला आणि ती म्हणाली, "मॅडम, आमच्याकडं जुन्या टेप आल्यात. कन्नडला एक फोटो स्टुडिओवाले होते, हौशी. त्यांनी मोठ्या चकत्यांचा टेपरेकॉर्डर घेतला होता आणि जत्रेतले कार्यक्रम उतरवून ठेवायचे. ते गेल्यावर घरच्यांनी त्या चकत्या विभागाला दिल्या. त्यात आजोबांच्या पार्टीचा एक अख्खा कार्यक्रम आहे. पार्टीतलं आता कोण आहे का, म्हणून शोधत शोधत आले."

मी हातातला ट्रे खाली ठेवला. "आबांचा आवाज आहे त्यात?"

"आजोबा काय गायचे?"

"झील धरायचे. शाहिराच्या मागं उभं राहून सूर."

तिनं कप खाली ठेवला. मग जपून म्हणाली, "झीलकरी नाहीयेत त्या टेपमध्ये. शाहीर आहेत, डफ आहे, तुणतुणं आहे आणि सूरपेटी. सूरपेटी तर इतकी सुंदर लागलीय की माझं एक प्रकरणच तिच्यावर आहे."

सूरपेटी म्हणजे भात्याची लहान पेटी. भाता हलवत राहायचं आणि ती एकच सूर धरून ठेवते. तेवढंच तिचं काम. आमच्या पार्टीतही ती एके काळी होती, पण एसटीच्या टपावरून पडून फुटली, ही गोष्ट मी लहानपणापासून इतक्या वेळा ऐकली होती की मी तिला तिथल्या तिथं झापलं. "आमच्या पार्टीत पेटी नव्हती. फुटली होती." आबांनीही पाटी पुढं केली. 'फुटली. मंग आमी दोघं.'

"दोघं म्हणजे?"

'मी आन् शिंपी.'

शिंपी म्हणजे आमचे चाचा. कन्नडच्या बाजारात त्यांचं कपडे शिवायचं दुकान होतं. आबा साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये. दोघांची गाठ कशी पडली मला माहीत नाही, पण जत्रा असो, उरूस असो, पार्टी निघाली की शाहिराच्या मागं हे दोघं उभे. आम्ही पोरं स्टेजच्या मागच्या बाजूला बसायचो, कारण पुढं जागा मिळायची नाही आणि मागं शेंगदाणे मिळायचे. त्यामुळं माझ्या आठवणीत पार्टी सगळी पाठमोरी आहे. शाहिराचा फेटा मागून, डफवाल्याचा घामेजलेला सदरा मागून. आबा डावीकडं, चाचा उजवीकडं, आणि दोघांच्या मधे, कमरेच्या मागं, आबांचा उजवा हात चाचांच्या डाव्या हातात. मला वाटायचं, एवढ्या लोकांपुढं उभं राहायचं म्हणून ते भीत असतील. मी कधी विचारलं नाही. शेंगदाणे महत्त्वाचे होते.

मुलगी म्हणाली, तुम्ही म्हणता ते खरं असेल, पण टेपमध्ये पेटी आहे. त्या दिवशी कुणाची तरी मागून आणली असेल. तिचंही बरोबर होतं. मग असं ठरलं की आम्ही विभागात जाऊन ऐकायचं.

विद्यापीठात मी कितीदा गेले असेन, पण ती खोली पाहिली नव्हती. भिंतींना गादीसारखं काहीतरी लावलेलं, दार जाडजूड, आत गेल्यावर जगाचा आवाजच बंद. मी शाळेत विज्ञान शिकवते. दरवर्षी ध्वनीचा धडा घेते. कंप पावणारी वस्तू, हवेचं माध्यम, ऐकणारा कान, फळ्यावर लाटा काढायच्या, पुढं चला. त्या खोलीत पहिल्यांदा मला कळलं की आपण आवाजात राहतो, पाण्यात मासा राहतो तसे, आणि बाहेर काढल्यावरच ते लक्षात येतं. आबांच्या गळ्यातून आत-बाहेर करणारा वारा मला तिथं स्पष्ट ऐकू आला. घरी तो पंख्यात, टीव्हीत, रस्त्यावरच्या रिक्षांत बुडालेला असतो.

मुलीनं चकती दाखवली. तपकिरी रंगाची पातळ फीत. "हा रंग कसला?" मी विचारलं. ती म्हणाली, "लोखंडाचा गंजच म्हणा ना मॅडम. बारीक भुकटी करून प्लास्टिकवर बसवलेली. तिच्यात चुंबकानं आवाज मांडून ठेवलेला असतो." मी ती फीत बोटावर धरून बराच वेळ बघत राहिले. गंज चढला की लोखंड वाया गेलं असं मी मुलांना शिकवते. आणि इथं कुणीतरी त्याच गंजात माणसं गाती ठेवली होती. इतकी वर्षं हा धडा शिकवून मला त्यातलं काही कळलं नव्हतं असं वाटलं, आणि त्याचं वाईट वाटायच्या ऐवजी मी हरखून गेले.

मग तिनं गाणं लावलं. जुन्या टेपची खरखर तिनं काढून टाकली होती, त्यामुळं शाहीर एकदम खोलीत येऊन उभा राहिला. आबा खुर्चीत सरसावून बसले. डफ सुरू झाला तशी त्यांची बोटं मांडीवर पडायला लागली. पडद्यावर आवाजाचं चित्र उमटत होतं. शाहिराची रेघ वर-खाली, वळणं घेत जाणारी, आणि तिच्या खाली एक सरळ, न तुटणारी रेघ. तो सूर. गाणं संपेपर्यंत ती रेघ तशीच.

मी आबांच्या चेहऱ्याकडं बघत होते. आता ओळखतील, आता मान हलवतील. आबांनी पाटी घेतली आणि लिहिलं, 'पेटी कोणाची?'

मला जो काही राग आला. आपण कशासाठी आलोय, हा माणूस काय विचारतोय. म्हणजे पेटीच होती. आबांनीच निकाल दिला. मी पर्स उचलली सुद्धा. तेवढ्यात त्यांनी पाटी पुसून पुन्हा लिहिलं, 'शाहिराला ताप व्हता का? आवाज कापतोय.'

"हो, कापतो," मुलगी म्हणाली. "त्यांची ती शैलीच दिसते. मी लिहिलंय तसं."

आबांनी मान हलवली, नाही. तळहात आडवा करून हवेतून सरळ रेघ मारली. आमचा शाहीर असा, कधी हलायचा नाही.

आता माझ्यातली मास्तरीण जागी झाली. मी विचारलं, "टेप साफ केली म्हणजे नक्की काय केलं?"

ती उत्साहानं सांगायला लागली. खरखर काढणं सोपं असतं. अवघड असतो वेग. जुन्या मशीनची मोटर सारखी एका वेगानं फिरत नाही, त्यामुळं आवाज चढतो, उतरतो, लहरतो. ते सरळ करायचं तर टेपमध्ये असा एक आवाज लागतो जो मुळात हलत नाही याची खात्री आहे. मग तो जिथं हलला तिथं टेप हलली असं धरायचं आणि त्या मापानं सगळं गाणं सरळ करायचं. "मी पेटी धरली. पेटीचा सूर हलत नाही ना."

"आणि ती पेटी नसली तर?" मी म्हटलं. "फूटपट्टीच वाकडी असली आणि तिनं बाकीचं सरळ केलं, तर बाकीचंच वाकडं होणार."

ती मग पडद्याकडं वळली, काहीतरी उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. "माणसाचा सूर थोडासा हलतो," ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "मी तो सरळ केला. म्हणून शाहीर थरथरायला लागले. आणि मॅडम, मधे मधे फुस्स असा आवाज होता. मला वाटलं, पेटीचा भाता फाटलाय. मी तो सगळीकडून काढून टाकला." तिनं कानावरचे हेडफोन काढले. "भाता नव्हता तो."

मी इकडं माझ्या मनात जुळवत होते. दोन माणसांनी इतका एकसारखा सूर धरला की पुढं अनेक वर्षांनी, एवढ्या यंत्रांसमोर बसलेल्या हुशार मुलीला तो पेटीचा वाटला. मग तिनं पेटीला शोभेल असा तो आणखी नीट केला, आणि इतका नीट केला की धरणाऱ्यालाही तो ओळखू आला नाही. आबांच्या हे हळूहळू ध्यानात आलं. त्यांचे खांदे हलायला लागले. आवाज नसलेला माणूस हसतो तेव्हा फक्त खांदे आणि गळ्यातला वारा असतो. ते इतके हसले की शेवटी त्यांना खोकल्याची उबळ आली, एसीची थंड हवा भोकातून आत जात होती, आणि आम्हाला उठावं लागलं.

"माझं प्रकरण गेलं," ती मुलगी दारापर्यंत सोडायला आली तेव्हा म्हणाली. मला वाटलं रडते की काय. पण तिचे डोळे चमकत होते. "मूळ उतरवलेलं तसंच आहे, त्याला मी हात लावलेला नाही. पुढच्या आठवड्यात या. एसी बंद ठेवते."

त्या आठवड्यात मी चाचीकडं गेले. चाचा जाऊन काही वर्षं झालीत. चाची मुलाकडं छावणीतच राहते, त्याच्या शिलाईच्या दुकानामागच्या दोन खोल्यांत. मी तिला विचारलं, पार्टीत कधी पेटी होती का.

"पेटी? कहाँ की पेटी?" चाची म्हणाली. "पेटी तो टूट गई. मग शाहीर म्हणला, आता तुमी दोघंच माझी पेटी. लई दिवस आमच्या घरात नुसता आ, आ, आ. मैं बोली, कायकू घर का दवाखाना बना रहे."

"पण एका दमात एवढा वेळ कसं धरायचे गं?"

"एका दमात नाय ना बेटा. एकाचा दम संपत आला की त्यानं दुसऱ्याचा हात दाबायचा. मागं, लोकांना दिसू नाय असं. दाबला की दुसऱ्यानं सास भरायची आन् आत यायचं. तो आला की पहिल्यानं गप. जोड कळू नाय, एवढंच. तुझे चाचा म्हणायचे, शिलाई दिसली तो दर्जी काहे का."

मी तिच्या पलंगावर बसून राहिले. तो हातात हात. मी लहानपणी मागून बघत होते ते हे. भीती नव्हती ती. दोन माणसं एक श्वास वाटून घेत होती आणि मी शेंगदाणे खात होते.

चाचीनं भिंतीवरच्या चाचांच्या फोटोकडं पाहिलं. मग म्हणाली, "उस टेप में उनकी आवाज है क्या? माझ्याकडं तर त्यांचा काहीच नाय. फोटू हाय. फोटू बोलत नाय." तिला काय हवंय ते मला सांगायची गरज नव्हती. मी म्हटलं, चल माझ्याबरोबर.

दुसऱ्या खेपेला आम्ही तिघं गेलो. मुलीनं एसी बंद केला होता. चाचीनं जोडे बाहेर काढले आणि गादीच्या भिंतीला हात लावून पाहिला, "कापूस बरा हाय का" म्हणून. आबा मधल्या खुर्चीत, चाची त्यांच्या डाव्या बाजूला, मी उजव्या. मुलीनं मूळ टेप लावली.

आधी नुसती खरखर, चुलीवर पोळी भाजताना येते तशी. मग माणसं. कुणीतरी "सरका की पुढं" म्हणतंय, एक मूल रडतंय, लांब कुत्रं. कन्नडची जत्रा. मला एकदम शेंगदाण्यांचा वास आला, शप्पथ. आणि मग त्या सगळ्याच्या आतून सूर वर आला. याला अंग होतं. किंचित हलत होता, मंद वाऱ्यात दिव्याची ज्योत हलते तेवढा. आणि शाहीर त्याच्यावर सरळ उभा होता, आबांनी तळहातानं दाखवला होता तसा. स्टुडिओवाल्यानं माइक कुठं जागा मिळेना म्हणून मागं, या दोघांच्या शेजारीच ठेवला असणार, मुलगी म्हणाली. नाहीतर सूर इतका जवळून आला नसता.

"हे आमचे," चाची म्हणाली.

सूर चालू राहिला. मधेच ते फुस्स झालं. कुणीतरी श्वास भरला होता.

"हे बी आमचेच," चाची म्हणाली.

मुलगी हसली. तिनं पडद्यावर ती जागा मोठी करून दाखवली. इथं पहिला संपतोय, इथं दुसरा शिरतोय, मधे एवढासा भाग दोघांचा. मोठं केल्याशिवाय दिसत नव्हतं. ती म्हणाली, "जोड सापडतात. पण कोणता कोणाचा ते मला सांगता येणार नाही. आवाज वेगळे करायचं एक सॉफ्टवेअर आहे, शाहीर बाजूला काढला त्यानं, डफ बाजूला काढला. हा सूर मात्र त्यानं परत एकाच माणसाचा म्हणून दिला. तीनदा केलं. ते म्हणतं, इथं एकच माणूस आहे."

मी आबांना विचारलं, "यातला तुमचा कोणता?"

आबांनी कान देऊन ऐकलं. एकदा बोट वर केलं, मग खाली घेतलं. पुन्हा वर केलं, पुन्हा खाली. शेवटी पाटी ओढली. 'मला बी कळंना.'

खाली आणखी एक ओळ लिहिली. 'कळलं आसतं तर आमचं चुकलं आसतं.'

मला त्या माणसाचा अभिमान वाटला. इतक्या दिवसांनी तो आवाज माझ्यासमोर होता. या खोलीत होता, आता, कानापासून हातभर अंतरावर. आणि कुणालाही, यंत्राला, चाचीला, मला, खुद्द आबांनासुद्धा तो बोट ठेवून दाखवता येत नव्हता. दोघांनी मिळून तो इतका नीट लपवला होता. मी ठरवलं की हेही पुष्कळ आहे. रडायचं नाही, घरी जायचं, त्या मुलीला चांगलं काही खायला करून द्यायचं.

टेप चालूच होती. आबांनी पाटी मांडीवर उपडी ठेवली आणि डोळे मिटून घेतले. ते आता काही शोधत नव्हते, नुसतं ऐकत होते. थोड्या वेळानं त्यांचा उजवा हात खुर्चीवरून खाली आला आणि त्यानं माझा डावा हात धरला. मला वाटलं, माझी समजूत काढतायत. सूर चालला होता, लांब, एकसारखा. मग आबांनी माझा हात दाबला.

हलकेच दाबला. आणि लगेच टेपमध्ये ते फुस्स झालं, कुणीतरी श्वास भरला आणि आत शिरलं.

मी हललेच नाही. आबांचे डोळे मिटलेलेच होते. आपला हात काय करतोय हे त्यांना ठाऊक होतं असं मला वाटत नाही. कानाला जे कळलं नव्हतं ते त्या हातात होतं. म्हणजे आत्तापर्यंत चालला होता तो आबांचा सूर होता, आणि मला माहीत नसताना तो निघून गेला होता. म्हणजे आता—

"चाची," मी अगदी हळू म्हटलं, "हे चाचा आहेत. आत्ता. हे."

चाचीनं ओढणी तोंडाला लावली. पडद्यावर तीच न तुटणारी रेघ पुढं सरकत होती, आणि ती आपल्या माणसाकडं बघावं तशी त्या रेघेकडं बघत होती.

माझं सगळं लक्ष कानात गोळा झालं. मी आयुष्यात असं काही ऐकलेलं नाही. चाचांचा सूर चालला होता. आबांचा हात माझ्या हातात सैल पडून होता, वाट बघत. कशाची वाट बघतोय ते मला कळलं. सूर भरलेला होता, भरलेला होता, आणि मग, नखाएवढा, बारीक झाला.

मी आबांचा हात दाबला.

आबांनी रुमालामागून श्वास भरला, त्या शांत खोलीत तो सगळ्यांना ऐकू गेला, आणि टेपमधून त्यांचा आवाज आला.